लहान फिक्स्ड ब्लेड सुरी घेताना आधी जाडी आणि मूठ बघा, स्टीलचं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे की पहिलीच लहान फिक्स्ड ब्लेड, म्हणजे घडी न होणारी, सुरी घ्यायची आहे, मुख्य काम हरणाएवढं जनावर साफ करणं आणि कातडं सोलणं, बाकी कॅम्पवर दोरी कापा, लाकूड तासा, थोडं कापणं-चिरणं एवढंच. आणि मनात भरलीय ती सुरी अशी: ५ इंची पातं, ५ मिलिमीटर जाडी, डी२ स्टील, पाठीवर गट हुक (जनावराच्या पोटाची कातडी उघडायचा धारदार आकडा), मुठीजवळ करवतीसारखे दाते, काळं कोटिंग. ही घेऊ का, की स्टील बदलून दुसरी बघू, आणि एका सुरीत भागेल की दोन लागतील, असं विचारलंय.

ही घेऊ नका. आणि स्टील बदलून हीच घेतली तरी उपयोग नाही, कारण घोळ स्टीलचा नाहीच आहे, घोळ जाडीचा आहे. मी पंचवीसेक वर्षं सुऱ्या बनवतोय, त्याहून जास्त दुसऱ्यांच्या सुऱ्यांना धार लावून देतोय आणि स्वतः जनावरं साफ केलीयत. माझ्याकडे "धार टिकत नाही हो" म्हणून ज्या सुऱ्या येतात ना, त्यातल्या बऱ्याच सुऱ्यांचं स्टील चांगलं असतं, पण धारेच्या मागे पातं इतकं जाड असतं की ती नवी असतानाही कापत नव्हती, ढकलत होती. माणसाला वाटतं धार गेली.

जरा आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. समजा पातं २५ मिलिमीटर रुंद आहे, पाठीला २.५ मिलिमीटर जाड आहे आणि पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत आणलंय, तर त्या पाचरीचा कोन होतो जेमतेम ६ अंश. आता तुमची ५ मिलिमीटरवाली घ्या, तिला खालच्या फक्त १० मिलिमीटरमध्ये उतार दिलाय असं धरा, तिचा कोन होतो २८ अंशांच्या आसपास. म्हणजे ही सुरी नाही, ही छिन्नी आहे. कातड्यासारख्या मऊ गोष्टीत एक वेळ फरक कमी जाणवेल कारण ती बाजूला सरकते, पण लाकूड, जाड दोर, पुठ्ठा, घट्ट भाजी, कूर्चा, काहीही कडक आलं की जाड पातं आत जायच्या ऐवजी त्या वस्तूला फाडत जातं, तुम्ही जोर वाढवता, आणि जोर वाढवला की हात घसरतो. माझ्या बघण्यातल्या जखमांपैकी बोथट आणि जाड सुरीवर जोर लावताना झालेल्या जखमा कितीतरी जास्त आहेत.

लोक जाडी का मागतात तर मजबुतीसाठी, आणि त्यात तथ्य आहे, पात्याची वाकायला विरोध करायची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २.५ चं ४ मिलिमीटर केलं तर ताठपणा चौपट होतो. पण तुम्हाला तो चौपट ताठपणा कशासाठी लागणार आहे सांगा? लाकडाचा ओंडका सुरीच्या पाठीवर ठोकून फोडायचा असेल तर लागेल, डबा उचकटायचा असेल तर लागेल. ते काम कुऱ्हाडीचं, त्यासाठी छोटी कुऱ्हाड किंवा घडीची करवत बाळगा, दोन्ही मिळून जाड सुरीपेक्षा कितीतरी जास्त काम देतात. हाडं तोडायला पण सुरी लागत नाही, सांध्यात टोक घालून स्नायूबंध कापला की सांधा आपोआप सुटतो, आणि जिथे हाड कापायचंच आहे तिथे करवत. तर जाडी २.५ ते ३ मिलिमीटर, फार तर ३.५. आणि पाठीच्या जाडीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे धार जिथून सुरू होते त्याच्या लगेच वरची जाडी, ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी, कॅलिपर असेल तर मोजा, नसेल तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातं धरून पाठीकडून धारेकडे हळूच बोटं सरकवा, धारेच्या अलीकडे थांबा, शेवटपर्यंत बारीक होत गेलेलं जाणवलं पाहिजे. दोन-चार सुऱ्या अशा हाताळल्या की कळायला लागतं.

जाड पात्याची चांगली सुरी नसतेच असं म्हणणं नाही माझं. स्वीडनची फॉलक्नीव्हेन एफ१ आहे, ९७ मिलिमीटर पातं, ४.५ मिलिमीटर जाड, स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांची सर्व्हायव्हल सुरी म्हणून ती मान्य झाली आणि त्या कामाला ती फार छान आहे, विमान पडल्यावर माणसाकडे तेवढी एकच वस्तू असेल तर ती मोडता कामा नये. शिवाय तिला कॉन्व्हेक्स धार आहे, म्हणजे फुगीर उतार, त्यामुळे जाड असूनही बरी चालते. पण तुमचं काम ते नाही. त्याच देशातल्या मोरा गावची मोराक्नीव्ह कंपॅनियन बघा, साधारण १०४ मिलिमीटर पातं, २.५ मिलिमीटर जाडी, रबरी मूठ, प्लॅस्टिकचं म्यान, दिसायला काहीच नाही, आणि कापायला बसली की महागड्या सुऱ्या मागे राहतात. नवीन माणसाला मी नेहमी हेच सांगतो की आधी अशी एक साधी पातळ सुरी घेऊन वर्षभर वापर, मग तुझं तुलाच कळेल तुला काय कमी पडतंय.

लांबी. ५ इंच जास्त होतं. पोटाच्या आत हात घालून काम करताना टोक कुठे आहे ते दिसत नाही, बोटालाच जाणवायला लागतं, आणि तर्जनी पाठीवर लांब ठेवली की तिचं टोक पात्याच्या टोकाजवळ पोचलं पाहिजे, तरच तुमचा ताबा आहे. बहुतेकांच्या हाताला हे साडेतीन इंचाच्या आसपास बसतं, ३ ते ४ इंच ही हद्द धरा, मिलिमीटरमध्ये ७५ ते १००. माझी स्वतःची रोजची ८८ मिलिमीटरची आहे. ससा, पक्षी, मासे असं लहान काम जास्त असेल तर ३ इंच पण पुरतं. मोठं जनावर असलं तरी सोलायला लांब पातं लागत नाही, पोटाजवळची गोलाई चांगली लागते.

आता टोकाचा आणि पोटाचा आकार. पोट म्हणजे धारेचा टोकाकडे वर चढत जाणारा गोल भाग, सोलताना कातडं आणि मांस यांच्यामधल्या पातळ पडद्यावर हाच भाग लांब लांब फिरवायचा असतो. ड्रॉप पॉइंट म्हणजे पाठ टोकाकडे हलकीशी खाली उतरलेली, त्यामुळे टोक मधल्या रेषेजवळ येतं, आतड्याला किंवा मूत्राशयाला चटकन भोक पडत नाही. हा आकार शिकारी सुरीत रुळवला तो अमेरिकेतल्या बॉब लव्हलेस यांनी (१९२९–२०१०), १९५४ मध्ये त्यांनी सुऱ्या करायला सुरुवात केली आणि आज जगभर जे ड्रॉप पॉइंट हंटर म्हणून विकलं जातं त्यातल्या बऱ्याच सुऱ्यांची वळणं त्यांच्याकडे जातात. लोक त्यांची नक्कल करताना बाहेरची रेषा उचलतात, पातळपणा आणि मुठीचा भरीवपणा सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. क्लिप पॉइंटचं टोक बारीक, भोसकायला आणि बारीक कामाला चांगलं, पण पोटात घालताना जास्त जपावं लागतं. नुसता सोलायचा स्किनर असतो, खूप गोल पोटाचा, तो सोलायला एक नंबर, पण बाकी कॅम्पच्या कामाला आडवा येतो कारण टोक धड हाती लागत नाही. सगळं एका सुरीत करायचं असेल तर ड्रॉप पॉइंट घ्या आणि विषय संपवा.

गट हुक नको. पोटाची कातडी झिपसारखी उघडायला तो असतो, पहिली काही जनावरं मजा येते, मग आतल्या वळणात केस आणि चरबी अडकते, धार गेली की तिथे साधा दगड जात नाही, गोल कांडी किंवा गोल बारीक कानस घेऊन बसावं लागतं आणि फार कमी लोक बसतात. शिवाय पाठीवर बोट ठेवायची जागा गेली ती गेलीच. हुकशिवाय पोट उघडायचं कसं तर छोटा छेद घ्या, डाव्या हाताची पहिली दोन बोटं आत घालून कातडी वर उचला, आतडी खाली दाबली जातात, आणि सुरी धार वर करून त्या दोन बोटांच्या मधून पुढे ढकलत न्या. आतून बाहेर कापायचं, नेहमी. बाहेरून आत कापलं की प्रत्येक केस कापला जातो, केसात माती आणि वाळू असते, आणि वाळू कुठल्याही स्टीलपेक्षा कडक आहे, धार अर्ध्या जनावरात संपते. ही एक सवय लागली तर स्टीलवर खर्च केलेले जादा पैसे आपोआप वाचतात.

मुठीजवळचे दाते पण नकोत, जिथे हाताचा सगळ्यात जास्त जोर पोचतो, लाकूड तासायला जी जागा लागते, तीच जागा ते खातात. कोटिंगचं मला एवढं वावडं नाही, कार्बन स्टीलला गंजापासून थोडं वाचवतं, पण धार मात्र उघडीच राहते आणि खरबरीत कोटिंग कापताना घासतं, तर गुळगुळीत असेल तरच.

ग्राइंडबद्दल, म्हणजे पात्याला धारेकडे उतार कसा दिलाय त्याबद्दल, दोन शब्द. स्कँडी ग्राइंड म्हणजे वर सपाट आणि खाली एकच रुंद उतार थेट धारेपर्यंत, मोरा आणि फिनलंडच्या पुक्को यांचा तो प्रकार, लाकडाला याच्यासारखं दुसरं नाही आणि नवशिक्याला धार लावायला सगळ्यात सोपं, उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो. सोलायला चालतं, पण धार नाजूक असते, हाडाला आपटली की चिरते, म्हणून शेवटी चामड्यावर किंवा बारीक दगडावर अगदी किंचित जास्त कोनात दोन-चार हात फिरवायचे. पूर्ण फ्लॅट ग्राइंड, म्हणजे पाठीपासूनच उतार, हे सगळ्या कामात बरं, तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. हॉलो ग्राइंड आत खोलगट, जुन्या वस्तऱ्यासारखं, कातडं आणि मांस यात अप्रतिम चालतं, लाकडात मात्र खांद्याशी अडतं. कॉन्व्हेक्स मजबूत, पण धार लावायचा हात बसायला वेळ लागतो.

आता मूठ, जिच्याकडे घेताना कोणी बघत नाही. फोटोत मूठ कळत नाही, त्यामुळे शक्य असेल तर हातात घेऊन बघा. रक्त आणि चरबी लागलेल्या हातात सगळ्या मुठी निसरड्या होतात, कसं टिकायचं हे पृष्ठभागापेक्षा आकारावर ठरतं. चपटी, दोन पट्ट्या ठोकलेली मूठ हातात फिरते. तळव्यात मधे थोडी फुगलेली, आडवा छेद अंडाकृती असलेली मूठ अंधारात पण सांगते की धार कुठल्या बाजूला आहे. पुढे बोट धारेवर सरकू नये म्हणून खाली छोटासा उंचवटा किंवा खाच हवी, मोठी धातूची आडपट्टी नको, ती सोलताना नडते. प्रत्येक बोटासाठी वेगळी खाच कोरलेल्या मुठी टाळा, त्या एकाच हाताच्या मापाच्या आणि एकाच पकडीच्या असतात, आणि जनावर साफ करताना पकड सतत बदलते, धार वर, धार खाली, चिमटीत, उलटी. लांबी निदान १०० मिलिमीटर, मोठ्या हाताला ११५. दोरी गुंडाळलेली मूठ तर अजिबात नको, रक्त शोषते, वास येतो, स्वच्छ होत नाही.

तपासायची माझी पद्धत सांगतो. हाताला साबणाचं पाणी लावा, सुरी म्यानातच ठेवा आणि चारही पकडीत धरून जोर लावून बघा कुठे घसरते. दुसरं म्हणजे सुरी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक सुकी काठी घेऊन सलग पंधरा मिनिटं तासत बसा. हात लाल कुठे झाला ते बघा, तिथे मुठीची कड टोचतेय, लाकडाची किंवा मायकार्टाची मूठ असेल तर बारीक सँडपेपरने ती कड मोडा, पाच मिनिटांचं काम आहे आणि सुरी तुमची होऊन जाते. मटेरियल म्हणाल तर मायकार्टा, म्हणजे रेझिनमध्ये दाबलेलं कापड, ओल्या हातात उलट जास्त पकड देतं म्हणून मला सगळ्यात आवडतं, जी१०, म्हणजे रेझिनमध्ये दाबलेलं काचतंतूंचं कापड, टणक आणि टिकाऊ, रबर पकडीला उत्तम पण वर्षानुवर्षात चिकट किंवा गुळगुळीत होतं, नुसतं लाकूड सुंदर पण पाणी पितं, रेझिन पाजलेलं घ्या. रंग भडक घ्या, नारिंगी नाहीतर पिवळा. पालापाचोळ्यात ठेवलेली काळी किंवा हिरवी सुरी संध्याकाळी शोधून बघा एकदा. माझी एक छान तपकिरी मुठीची सुरी अशीच कायमची गेली, दोन हातांच्या परिघात होती, सापडली नाही.

मुठीच्या आत पात्याचा जो भाग जातो त्याला टँग म्हणतात. पूर्ण टँग म्हणजे मुठीच्या कडेने धातू दिसतो, सगळ्यात भक्कम, पण जड, आणि थंडीत हाताला गार लागतो. आत लपलेली टँग रुंद असेल आणि मुठीच्या निदान तीन चतुर्थांश लांबीपर्यंत गेली असेल तर सुरीच्या खऱ्या कामाला पुरून उरते, मोराच्या बहुतेक मॉडेलना पूर्ण टँग नाहीच आणि लोक त्या वर्षानुवर्षं राबवतायत. टाळायचं काय तर एकदम बारीक काडीसारखी टँग आणि मुठीशी काटकोनात कापलेला सांधा, मोडली की तिथेच मोडते.

पाठीची कड. हल्ली सगळ्यांना ९० अंशाची टोकदार पाठ पाहिजे, फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या धातूच्या कांडीवर, ठिणगी पाडायला. पण सोलताना तर्जनी तासभर त्याच पाठीवर असते, बोट कापल्यासारखं होतं. मी सुरी करताना पुढचा अर्धा भाग गोल करतो आणि मुठीकडचा इंच-दीड इंच टोकदार ठेवतो, दोन्ही कामं होतात. तुम्ही विकत घेतलेल्या सुरीला हे बारीक कानशीने आणि सँडपेपरने स्वतः करू शकता, धारेवर टेप लावून मगच.

आता स्टील, ज्यावर सगळे भांडतात. स्टीलकडून तीन गोष्टी पाहिजेत, धार झिजू नये, धार चिरू नये आणि गंज धरू नये, आणि तिन्ही एकदम जास्तीत जास्त मिळत नाहीत. १०९५ सारखं साधं कार्बन स्टील, ०.९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन, चटकन धार घेतं, पण रक्त लागलं की तासाभरात डाग पडतात, पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी गंज. ५२१०० हे बेअरिंगचं स्टील, १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम, चिवट आणि बारीक दाण्याचं, मला फार प्रिय, पण गंजाची काळजी तीच. डी२ मध्ये दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम, ऐकायला स्टेनलेस वाटतं पण बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कडक दाण्यांत, अडकून पडतं म्हणून ते स्टेनलेस नाही, आणि ते कार्बाइडचे दाणे मोठे असतात त्यामुळे धार खूप पातळ केली की तुकडे उडतात. म्हणून डी२ च्या सुऱ्या बनवणारे जाड ठेवतात. तुम्ही निवडलेल्या सुरीत ५ मिलिमीटर आणि डी२ एकत्र आलंय ते काही योगायोगाने नाही.

तुमच्या कामाला मी सांगेन १४सी२८एन किंवा १२सी२७ किंवा एईबी-एल. तिन्ही बारीक दाण्याची स्टेनलेस, कार्बन ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या दरम्यान, क्रोमियम १३ ते १४ टक्के, एईबी-एल तर मुळात दाढीच्या ब्लेडसाठी बनवलेलं. पातळ धार सहन करतात, साध्या दगडावर पाच मिनिटांत धार येते, गंज जवळजवळ नाही. एक जनावर आरामात होतं, दुसऱ्याच्या मधे चामड्यावर चार हात मारले की पुढे चालू. जास्त झीज-विरोध हवा असेल तर एस३०व्ही आहे, २००१ मधलं, त्यात ४ टक्के व्हॅनेडियम, धार खूप टिकते, पण व्हॅनेडियम कार्बाइड साध्या दगडाच्या कणांपेक्षा कडक असतात म्हणून डायमंड प्लेट लागते, ती नसेल तर या स्टीलच्या नादी लागू नका, बोथट झालेलं एस३०व्ही रानात कोणाच्याच कामाचं नाही. मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस यांनी काढलेलं, २०२१ मध्ये आलं, त्यात चिवटपणा आणि गंज-विरोध दोन्ही खरोखर जमलंय, बजेट असेल आणि पातळ सुरी मिळत असेल तर जरूर घ्या. पण ५ मिलिमीटरच्या मॅग्नाकटपेक्षा २.५ मिलिमीटरचं १२सी२७ तुमच्या हातात जास्त कापेल, हे मी कोणालाही समोर बसवून दाखवायला तयार आहे.

आणि नुसतं स्टीलचं नाव वाचून काही कळत नाही, त्याला पाणी कसं दिलंय ते महत्त्वाचं. लालबुंद तापवून एकदम थंड केलं की पोलाद काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं, मग परत हलक्या आचेत भाजून ठिसूळपणा काढायचा, ही दोन पावलं चुकली तर महागातलं महाग स्टील वाया. कडकपणा रॉकवेल सी मध्ये मोजतात, तुमच्या कामाला ५८ ते ६१ च्या मधे असावा, ५५ च्या खाली असेल तर धार दुमडत राहील. बनवणारा आकडा सांगत असेल तर चांगलं लक्षण. त्याच कारणासाठी सुरी कधी कोरड्या इलेक्ट्रिक ग्राइंडरवर धार लावायला देऊ नका. धारेशी निळा रंग आला म्हणजे तिथलं पाणी उतरलं, साध्या कार्बन स्टीलमध्ये हे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं, आणि मग कितीही घासा, धार दोन कापात बसते. अशा सुऱ्या माझ्याकडे येतात तेव्हा तो भाग घासून काढण्याशिवाय माझ्या हातात काही नसतं.

म्यान. सुरीइतकंच महत्त्वाचं, कारण पडलेली सुरी म्हणजे गेलेली सुरी. म्यानात घालून उलटी धरा आणि जोरात झटका द्या, हलली नाही पाहिजे. कायडेक्स (टणक प्लॅस्टिकचा पत्रा) किंवा साधं प्लॅस्टिक धुता येतं, खाली पाणी निघायला भोक असलंच पाहिजे, वाळू गेली की पात्यावर ओरखडे पडतात एवढंच. चामड्याचं म्यान मला मनापासून आवडतं, आवाज होत नाही, पण धारेच्या बाजूला आत चामड्याची जादा पट्टी शिवलेली हवी नाहीतर धार टाके कापते. सुरी काढताना म्यान पूर्ण मुठीत आवळून धरू नका, धार टाके कापून बाहेर आली तर बोटांवर येते. आणि चामड्यात सुरी साठवून ठेवू नका कधीच, चामडं ओल धरतं आणि त्यात कमावतानाची द्रव्यं असतात. माझीच एक ५२१०० ची सुरी मी काम झाल्यावर तशीच म्यानात ठेवली आणि चार महिन्यांनी काढली तर एका बाजूला मिरीएवढे खड्डे पडलेले, आजपण ते तसेच आहेत.

धार कोणती ठेवायची? प्रत्येक बाजूला १७ ते २० अंश. २५ मिलिमीटर रुंद पात्याला पाठ दगडापासून ७-८ मिलिमीटर उचलली की झालं, बोटाच्या मापाने एकदा बसवून घ्या. धारेवर मार्करने रेघ काढा, दोन हात फिरवा, शाई कुठून गेली ते बघा, कोन चुकतोय का लगेच कळतं. ४०० नंबरचा दगड, मग त्याहून बारीक १००० चा, आणि शेवटी चामड्याचा पट्टा. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला सगळ्या लांबीवर बारीक लव, म्हणजे उलटलेली धातूची कड, आली, नखाला अडकली, की मगच बाजू बदला, बरेच लोक ती यायच्या आधीच बदलतात आणि मग म्हणतात दगड खराब. सोलायला आरशासारखी धार लागत नाही, उलट १००० वर थांबलेली किंचित खरबरीत धार कातड्याला छान पकडते.

काम झाल्यावर सुरी लगेच कोमट पाणी आणि साबणाने धुवा, रक्तात मीठ असतं, ते स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतं. पुसून पूर्ण कोरडी, मग फूड ग्रेड मिनरल ऑइलचा हलका हात. फोल्डिंगऐवजी फिक्स्ड घेताय ते बरोबर करताय याचं कारणही हेच आहे, घडीच्या सांध्यात रक्त आणि चरबी गेली की ती रानात निघत नाही, आणि लॉक बसायच्या जागी चरबी असेल तर लॉकवर भरवसा ठेवता येत नाही.

सुरक्षिततेचं एकच पण ठासून सांगतो, एका वेळी पोटाच्या आत एकाच माणसाचे हात. मी एकदा धरतो म्हणून हात घातला आणि मित्राची सुरी माझ्या तर्जनीवर आली, त्याला दिसलंच नाही, आत काहीच दिसत नाही. चार टाके पडले, बोटाचं टोक अजून बधिर आहे. कापताना मांडी सुरीच्या रेषेत नको, आतल्या बाजूला मोठी धमनी आहे. हातमोजे घाला, सशांपासून ट्युलरेमिया आणि रानडुकरांपासून ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतो, जखमेतून जातो. आणि शिकार कुठे, कशाची, कुठल्या परवान्यावर आणि सुरी बरोबर बाळगायचे नियम काय, हे तुमच्याकडचं आधी नीट बघून घ्या, मी सगळं ते गृहीत धरून लिहितोय.

राहिला शेवटचा प्रश्न, एक की दोन. सुरुवातीला एकच, साडेतीन इंच, ड्रॉप पॉइंट, पूर्ण फ्लॅट ग्राइंड, २.५ ते ३ मिलिमीटर, १४सी२८एन किंवा तसलंच काहीतरी, भरीव मायकार्टाची नाहीतर रबराची नारिंगी मूठ. बरोबर छोटी घडीची करवत आणि खिशात मावणारा दगड. दुसरी सुरी घ्यायची वेळ येईल ती डोकं किंवा पाय सोलताना, डोळ्याभोवती आणि खुरांपाशी ड्रॉप पॉइंटचं पोट मोठं पडतं, तिथे अडीच इंची, सरळ धारेची, बारीक टोकाची, २ मिलिमीटरची केपर लागते. बदलत्या ब्लेडच्या सुऱ्या त्या जागी बरेच जण वापरतात, भन्नाट कापतात हे खरं, पण ती पाती आडवा जोर दिला की मोडतात आणि मोडलेला तुकडा मांसात राहिला तर सापडेपर्यंत जीवाला चैन नसतं, म्हणून मी ती ठेवत नाही. तुमच्या तळव्याची रुंदी आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये कळवा, मुठीचं माप नक्की किती घ्यायचं ते सांगतो.